आवाजासकट

ह्यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने टिपलेला अपघात मी पहिल्यांदा पाहिला तो आवाज बंद करून. लेकीने लॅपटॉप उघडला तसे हे म्हणाले, "आवाज नको लावूस." मला वाटलं, आदळल्याचा आवाज पुन्हा ऐकवत नसेल. साहजिकच आहे. मग आम्ही तिघांनी मुकाट्याने पाहिलं. सायकलचं हँडल, त्यावर ह्यांचे हातमोजे घातलेले दोन हात, रस्त्याची कड, शेजारून पुढे गेलेली पांढरी गाडी, आणि मग तीच गाडी कसलाही इशारा न देता ह्यांच्या पुढ्यात वळलेली. त्यानंतर आभाळ. बराच वेळ नुसतं आभाळ आणि विजेची एक तार.

"बोलायला जागाच नाही," लेक म्हणाली. "सरळसरळ त्याची चूक आहे."

मला हायसं वाटलं. गाडीवाल्याने लिहून दिलं होतं की एक म्हातारा झोकांड्या खात त्याच्या गाडीवर आला. म्हातारा म्हणे. अजून अठ्ठावन्न पुरी नाहीत. चष्म्याची भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं ह्यांचं काम, केसाएवढा फरक बोटांना कळतो, आणि हा माणूस झोकांड्या खाणार. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलंय. बोटं पूर्वीसारखी चालतीलच असं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. हात गेला तो गेला, वर चूकही ह्यांचीच ठरायला नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

पोलीस ठाण्यात आमचं प्रकरण ज्या बाईंकडे होतं त्यांनी टेबलाखाली एक बूट काढून ठेवला होता. पाय सुजला असावा. लेकीने चाळीस सेकंदांचा तुकडा कापून आधीच पाठवला होता. तो त्यांनी उघडलासुद्धा नाही.

"कापलेली फाइल मी घेत नाही," त्या म्हणाल्या. "कॅमेरा चालू केल्यापासून बंद होईपर्यंत सगळं हवं. आवाजासकट."

मला त्या आवडल्या. मी एका हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीत बसते, बावीस वर्षं झाली. अर्धवट फॉर्म मीही घेत नाही. माझ्या नाकावर राग असतो असं लोक म्हणतात; म्हणोत बापडे, त्या खिडकीत गोड बोलणारी दोन दिवस टिकणार नाही.

कॅमेऱ्याचं कार्ड सोबत होतंच. बाईंनी ते लावलं आणि आवाज मोठा केला. चाकांची घरघर, वारा, मग धाडकन आवाज. आभाळ आलं. आणि त्या आभाळावर ह्यांचा आवाज आला, "चुकलं माझं. चुकलं, चुकलं माझं."

पाठोपाठ गाडीवाला, "मग बघून चालवायची ना."

बाईंनी चित्र थांबवलं. खोलीत बाकावर आणखी दोघंतिघं आपापल्या तक्रारी घेऊन बसले होते, त्यांनीही माना वर केल्या.

"दिसतंय ते तुमच्या बाजूचं आहे," बाई म्हणाल्या. "पण पडल्यावर पहिलं वाक्य हे निघालं, तर समोरचा वकील तेच धरून बसणार. काका, काय चुकलं तुमचं?"

हे टेबलाच्या कडेकडे बघत बसले. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं दुसऱ्या हाताने कुरवाळत होते.

"नेमकं आठवत नाही," हे म्हणाले. "पण काहीतरी असेलच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असेलच म्हणजे? तुमच्या डोळ्यांदेखत गाडी वळली. पाच आठवडे मी रजा टाकून हेलपाटे घालतेय आणि तुम्ही इथे येऊन असेलच म्हणता?"

"चुकलं माझं," हे मला म्हणाले.

बाईंनी एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि शुक्रवारी जबाबाला या म्हणाल्या.

बसमध्ये हे खिडकीला डोकं टेकून बसले. दोन थांबे गेल्यावर म्हणाले, "थोडी चूक माझी, थोडी त्याची असं लिहून देतो. संपवून टाकू. मला कंटाळा आलाय."

मलाही आला होता. हॉस्पिटल, ठाणं, विमा कंपनी, पुन्हा हॉस्पिटल. भांडायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं. पण गाडी ह्यांच्यावर घालायची त्याने आणि चुकलं म्हणायचं ह्यांनी, हे काही माझ्या घशाखाली उतरेना. त्यातून दुसऱ्या कोणी केलं नसतं ते नुकसान ह्यांनी स्वतःच्या तोंडाने केलं होतं. अंगठीसारखं वागवतात ते वाक्य, काढून ठेवायला कधी सुचतच नाही.

संध्याकाळी थोरल्या वन्संचा फोन आला. ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, ह्यांना अजून 'पोऱ्या' म्हणतात. मी झाला प्रकार सांगितला तर हसायलाच लागल्या. "आमचा पोऱ्या? चुकलं म्हणाला? अगं, लहानपणी मार खाईल पण चुकलं म्हणायचा नाही. आई थकायची. एकदा काच फोडून दोन दिवस जेवला नाही, पण तोंडातून ब्र काढला नाही."

मी फोन ठेवला.

कॅमेरा लेकीनेच बसवून दिलेला. सकाळी निघताना हे तो चालू करायला विसरायचे. संध्याकाळी मात्र दुकानातला भागीदार आठवणीने बटण दाबून द्यायचा, त्यामुळे कार्डावर होत्या त्या सगळ्या परतीच्या फेऱ्या. अपघाताआधीच्या बावीस. लेक म्हणाली, "बाबा रस्त्यात येताजाता कोणालाही चुकलं म्हणतात, हे यातून दाखवता येईल. सवय आहे म्हटल्यावर त्या वाक्याला काय किंमत?"

पोरगी हुशार आहे. मी गुरुवारी रजा टाकली, कागद-पेन्सिल घेतली, आणि खिडकीत टोकन मोजतो तशा उभ्या रेघा मारत बसले. चार उभ्या, पाचवी आडवी. हे आतल्या खोलीत पडून होते.

हे विजेच्या खांबाला चुकलं म्हणाले. कुत्र्याला म्हणाले. लाल दिव्यात मध्येच घुसलेल्या बाईला म्हणाले, तिने मागे वळून पाहिलंही नाही. एका उभ्या गाडीच्या आरशाला म्हणाले. मी एकटीच हसले. रस्त्यावरच्या एकोणीस रेघा झाल्या. केस जिंकल्यातच जमा होती.

पण कॅमेरा रस्त्यावर थांबत नव्हता. हे दारातून आत यायचे तेव्हा हेल्मेट डोक्यावरच असायचं, आणि कॅमेरा चालूच. पहिल्या फेरीच्या शेवटी आमचं दार उघडलं आणि मी समोर आले. वरून दिसणारा माझा भांग, आणि मग वर वळलेला चेहरा.

"किती वाजले? पाव आणायला सांगितला होता ना? पाय पुसा आधी. ती पिशवी तिथे नको."

"चुकलं माझं."

मी रेघ मारली. दुसऱ्या फेरीत पायपुसण्यावरून. तिसरीत ह्यांनी पाव आणला होता पण चुकीचा आणला होता. हा माझा खिडकीतला आवाज होता. खिडकीपुढे उभ्या माणसाला तो दोन मिनिटं ऐकावा लागतो, मग तो पुढच्या खोलीत जातो. मी कागद उलटा केला आणि घरातल्या रेघा मागच्या बाजूला मारायला लागले. एकसष्ट झाल्या.

सतराव्या फेरीत हे दार उघडून आत आले. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले. अजून माझं तोंडही उघडलं नव्हतं, तोच हे म्हणाले, "चुकलं माझं."

त्यापुढे मला बघवेना. पेन्सिल ठेवली. रडूबिडू आलं नाही. शरम वाटली, एवढंच.

लेकीने घरी आल्यावर कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, "घरातलं कापून टाकते ना. रस्त्यावरच्या एकोणीस पुरेत."

"कापलेली फाइल त्या घेत नाहीत," मी म्हटलं.

हे दारात येऊन उभे होते. कधी आले कळलंच नाही. "नको," हे म्हणाले. "घरातलं घरात राहू दे. चार लोकांत कशाला तुला... मी लिहून देतो, थोडी माझी. काय बिघडतं?"

"म्हणजे त्या दिवशी आवाज नको म्हणालात तो ह्यासाठी?"

हे परत आतल्या खोलीत गेले. मी कार्ड पाकिटात घातलं.

शुक्रवारी बाकावर पाच जण होते. बाईंनी आमच्यासमोर पहिल्या तीन फेऱ्या अख्ख्या लावल्या. खांब आला तेव्हा कोपऱ्यातला पोलीस हसला. मग आमचं दार उघडलं, आणि माझा आवाज त्या खोलीभर झाला. किती वाजले. पाय पुसा. बाकावरचा एक जण जमिनीकडे बघायला लागला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तरी ते दिसलं.

"हा आवाज कोणाचा?" बाईंनी विचारलं. विचारणं भागच होतं.

"माझा," मी म्हटलं. माझ्या रेघांचा कागद दोन्ही बाजूंनी उलटून दाखवला.

त्यांनी तो नीट पाहिला. "चालेल," त्या म्हणाल्या. "सवयीचं बोलणं म्हणून लिहिते. मग दिसतंय तेच खरं धरलं जाईल, आणि दिसण्यात गाडीवाला पुरता अडकलाय." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "एक गोष्ट जबाबात लागेल, काका. ही सवय कधीपासूनची?"

 ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"लहानपणापासून," हे म्हणाले. आवाज अगदी ठाम होता. "पहिल्यापासूनच आहे मला."

बाईंनी लिहिलं. कागद माझ्यापुढे सरकवला, साक्षीदार म्हणून सही करायला. मी वाचला. सही करण्याआधी वाचा, हे मी रोज शंभर माणसांवर खेकसत असते. दोन दिवस उपाशी राहिलेला, काच फोडूनही चुकलं न म्हणणारा पोऱ्या त्या कागदावर कुठेच नव्हता.

"हे खोडा," मी म्हटलं.

"अगं, राहू दे," हे हळूच म्हणाले.

"खोडा ते. लहानपणापासून नाही. लग्नानंतर लिहा. सत्तावीस वर्षं."

बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. ते 'चुकलं माझं' आता येणार, असं वाटून मी वाट बघत होते. ह्यांचे ओठ हलले, पण काही आलं नाही. त्यांनी नुसती मान डोलावली, होय म्हणून.

बाईंनी ओळ खोडून वर नवीन लिहिली. खोडलेल्या ओळीशेजारी दोघांचीही सही लागते म्हणाल्या. मी सही केली. ह्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला.