जूचंद्रचा घोरा

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. आवाज टिपून ठेवणे हे माझे काम. तळहातावर मावेल एवढे माझे अंग, वरच्या टोकाला जाळीत बसवलेले दोन छोटे माइक आणि आवाज टिपताना लागणारा एक तांबडा दिवा. पाठीवरची अक्षरे आता पुसट झाली आहेत, खालच्या कोपऱ्याला पोचाही पडला आहे. तरी मला माझ्या आयुष्याचा अभिमान वाटतो. तो का, ते ऐका.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. वसईतल्या एका महाविद्यालयाने मला आणले, तेव्हा माझे फार कौतुक होते. पाहुण्यांचे भाषण असो की वक्तृत्व स्पर्धा, व्यासपीठावर पाण्याच्या पेल्याशेजारी माझी जागा ठरलेली असे. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि मला कोणी विचारेना. मानसशास्त्र विभागाच्या कपाटात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे मी पडून राहिलो. कोणीतरी माझ्या पोटातल्या बॅटऱ्या काढायच्या विसरले होते. त्या गळल्या आणि इथल्या खाऱ्या हवेने माझ्या आत हिरवा गंज धरला. किती वर्षे गेली, मला सांगता येणार नाही. बंद यंत्राला दिवस मोजता येत नाहीत.

एके दिवशी कपाट उघडले. समोर मानसशास्त्र शिकवणाऱ्या वसुंधरा मॅडम होत्या. त्यांच्यामागे एक उंच, चष्मा लावलेली मुलगी उभी होती. तिचे नाव ज्ञानदा. ती संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे घराणे मूळचे साताऱ्याकडचे, पण तिचा जन्म नायगाव पूर्वेच्या फ्लॅटमधलाच.

"मॅडम, मोबाइलवर रुग्णांचा आवाजच नीट येत नाहीये," ती सांगत होती. "बाहेरचा गोंगाट काढायला जातो आणि त्यात हळू बोललेला शब्दही कापून टाकतो."

"मग हा घेऊन जा. हा काही कापत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी जुन्या दातांच्या ब्रशने माझ्या पोटातला गंज खरवडला, नव्या बॅटऱ्या घातल्या, आणि माझा तांबडा दिवा लागला.

हळूहळू मला सगळा प्रकार कळला. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेने महाविद्यालयीन मुलांसाठी दोन महिन्यांची संशोधनाची संधी जाहीर केली होती. माणसाचे मन शब्द कसे साठवते, कसे शोधते, कधी हरवते, याचा तिथे अभ्यास चाले, आणि यंत्राला, म्हणजे संगणकाला, ते ओळखायला शिकवणेही चाले. शेकडो अर्जांतून सोळा मुले निवडली गेली, त्यांत ज्ञानदा होती. तिच्या वडिलांना वाटत होते की तिने सरळ नोकरी धरावी. "दोन महिने हे करून पुढे काय?" असे त्यांनी विचारले होते. "मला बघायचंय, बाबा," एवढेच ती म्हणाली होती.

तिला मिळालेले काम असे होते. अर्धांगवायूचा झटका आल्यावर काही माणसांची वाचा जाते. डोक्यात वस्तू लख्ख दिसते, पण तिचे नाव ओठांवर येत नाही. वसईतल्या एका पुनर्वसन केंद्रात अशा रुग्णांना चाळीस चित्रे दाखवायची, त्यांनी घेतलेली नावे टिपायची, आणि कोणते उत्तर बरोबर, कोणते चूक, हे ज्ञानदाने लिहायचे. तिच्या खुणांवरून यंत्र शिकणार होते आणि पुढे आपले आपण गुण देणार होते.

तिथेच मला मधूबाबा भेटले. जूचंद्र गावचे मधू म्हात्रे. उभा जन्म भातशेती आणि मिठागरात गेलेला. उजवा हात लुळा पडलेला, पण डाव्या हाताची पकड अशी की मला उचलून पाहिले तेव्हा माझी कड चेपेल असे वाटले. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी मंदाबाई येत आणि मागच्या बाकावर बसत.

ज्ञानदाने घोड्याचे चित्र दाखवले. मधूबाबा बराच वेळ पाहत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "घोरा."

ज्ञानदाने कागदावर फुली मारली. डोळ्याच्या चित्राला ते "डोला" म्हणाले. फुली. गाडीला "गारी". फुली. चाळीसपैकी अकरा. महिन्याभराने दुसरी चाचणी झाली, तेव्हा बारा. या वेळी गुण यंत्राने दिले होते, आणि यंत्र ज्ञानदाकडूनच शिकले होते.

केंद्राचा एक नियम होता. तीन चाचण्यांत सुधारणा दिसली नाही, तर रुग्णाला पुन्हा बोलायला शिकवणारे वाचेचे तास बंद करून ती जागा रांगेतल्या दुसऱ्याला द्यायची. दुसऱ्या चाचणीनंतर ते तास घेणाऱ्या बाईंनी हे मंदाबाईंना समजावून सांगितले. मंदाबाईंनी ऐकून घेतले आणि त्या ज्ञानदाच्या टेबलाशी आल्या.

"बाय, यांचा चुकला काय?"

ज्ञानदाने त्यांना कागद दाखवला. मंदाबाईंना वाचता येत नव्हते, म्हणून तिने एकेक उत्तर वाचून दाखवले. "हे बघा मावशी, घोड्याला ते घोरा म्हणाले. डोळ्याला डोला."

"मग बरोबर तर सांगला त्यांनी," मंदाबाई म्हणाल्या. "घोरा तो घोराच ना. आमी सगलीच घोरा बोलताव. तू कवा आमच्या गावान आली नाय काय?"

ज्ञानदा तिथे कधीच गेली नव्हती. जूचंद्र तिच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होते.

त्या दुपारी तिने कानाला हेडफोन लावला आणि माझ्यातला सगळा आवाज पहिल्यापासून ऐकला. मित्रांनो, इथे माझी खरी कामगिरी सुरू होते. संस्थेच्या पद्धतीत यंत्राने शब्द उतरवून घेतला की मूळ आवाज पुसून टाकत. ज्ञानदाने मात्र सगळे माझ्यात ठेवले होते. मधूबाबांचा प्रत्येक श्वास माझ्याजवळ होता, प्रत्येक थांबणे होते. जिथे यंत्राने "उत्तर नाही" असे लिहिले होते, तिथेही दोन ठिकाणी खोल गेलेल्या आवाजात शब्द होता. "लोनी", म्हणजे लोणी. "झार", म्हणजे झाड. ज्ञानदा एकेक जागा तीनतीनदा ऐकत होती. शेवटी तिने हेडफोन काढला आणि कपाळावर हात ठेवून बसली. यंत्राची चूक असती, तर तिला इतके लागले नसते. फुल्या तिने स्वतः मारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने वसुंधरा मॅडमना सगळे सांगितले. "मी चूक केलीये, मॅडम. यंत्राला मीच तसं शिकवलंय."

"मग आता काय करशील?"

"आधी सिद्ध करावं लागेल. मला वाटतं म्हणून कोणी गुण बदलणार नाही."

"बरोबर. ज्यांना झटका आलेला नाही, त्यांना तीच चित्रं दाखव. ते काय म्हणतात ते बघ."

मंदाबाईंनी निरोप फिरवला. जूचंद्रमध्ये त्यांच्या ओट्यावर, अंगणात काढलेली रांगोळी ओलांडून, चार दिवसांत सव्वीस जण आले. साठीच्या पुढचे सगळे. ज्ञानदा प्रत्येकाला आधी काम काय आहे ते समजावून सांगे, हरकत नाही ना विचारी, आणि मगच माझा दिवा लावी. दुसऱ्या दिवशी एका आजोबांचा धक्का लागून मी ओट्यावरून खाली आपटलो. हा पोचा तेव्हाचा. माझा दिवा मात्र विझला नाही. सव्वीसपैकी चोवीस जणांनी घोड्याला घोरा म्हटले. डोळ्याला सगळ्यांनीच डोला. एक आजीबाई चित्रे संपल्यावर म्हणाल्या, "आमच्या बोलन्याची परीक्षा पह्यल्यांदाच घेतली कोनी." त्या हसत होत्या, पण बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

मग संस्थेत बैठक झाली. मी टेबलाच्या मधोमध होतो. हर्षवर्धन नावाचा एक संशोधक यंत्राचे काम पाहत असे. तो पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होता, स्वभावाने चांगला, पण कामाच्या बाबतीत कडक.

"नियम सैल केला तर कोणतंही उत्तर बरोबर ठरेल," तो म्हणाला. "आणि आधीचे सगळे गुण बदलतील."

"कोणतंही नाही," ज्ञानदा म्हणाली. "गावातली धडधाकट माणसं ज्या वस्तूला जे म्हणतात, तेच फक्त बरोबर धरायचं. मधूबाबांनी बासरीला काठी म्हटलं, कुलपाला पेटी म्हटलं. ते चूकच आहे, ती फुली मी ठेवलीये. आणि आधीचे गुण बदलायलाच हवेत. ते माझ्यामुळे चुकलेत."

हर्षवर्धनने मला जवळ ओढले आणि हेडफोन लावला. आधी मधूबाबांचा घोरा ऐकला, मग ओट्यावरचे चोवीस घोरे. बराच वेळ ऐकले. मग म्हणाला, "मूळ आवाज तू पुसला नाहीस हे फार बरं झालं. पुसला असतास तर आपल्याला हे कधीच कळलं नसतं."

त्यांनी यंत्राला नव्याने शिकवले आणि जुने गुण पुन्हा काढले. पहिल्या चाचणीचे अकरा नव्हते, एकोणीस होते. दुसरीचे बारा नव्हते, पंचवीस होते. मधूबाबा महिनाभर सुधारत होते आणि ते कोणालाच दिसले नव्हते.

तिसऱ्या चाचणीच्या दिवशी ज्ञानदाने पहिले चित्र उचलले. मधूबाबांनी चित्राकडे पाहिले, मग तिच्याकडे. डावा हात आधी तिच्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे नेत ते सावकाश म्हणाले, "तुजा घोडा. माजा... घोरा."

शहराचा शब्दही त्यांना ठाऊक होता. मंदाबाईंनी पदराने डोळे टिपले. ज्ञानदाने खूण करायला पेन उचलले, पण एकाच चौकोनात दोन खुणा कशा करायच्या हे तिला सुचेना. शेवटी तिने समासात त्यांचा शब्द न् शब्द लिहून काढला. त्या दिवशी चाळीसपैकी अठ्ठावीस आले आणि मधूबाबांचे तास चालू राहिले. केंद्राने आणखी चार रुग्णांचे कागद पुन्हा तपासायला काढले.

पुढे ज्ञानदाचा निबंध संशोधकांच्या परिषदेत वाचला गेला. त्यात चूक कोणाची होती, हे तिने पहिल्याच पानावर लिहिले होते. संस्थेने तिला वर्षभरासाठी संशोधन सहायक म्हणून बोलावले. निबंधाची प्रत तिने जूचंद्रला नेऊन ओट्यावर मोठ्याने वाचली, त्या वेळी तिचे वडील सोबत आले होते. परत येताना ते रिक्षात म्हणाले, "चांदीप गावाकडची माणसं वेगळं बोलतात म्हणे. तिकडेही जाणार का तुम्ही?"

जाणार आहोत. येत्या रविवारी. माझ्या बॅटऱ्या आता काम संपताच काढून ठेवतात आणि मला कोरड्या डब्यात ठेवतात. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे यंत्र धूळ खात असेल. त्याला पुसा, कोरडे ठेवा, त्यातला आवाज जपा. आणि कोणाच्या बोलण्यावर फुली मारायची वेळ आली, तर हात जरा थांबवा. तो आवाज पुन्हा एकदा ऐका. तेवढ्यावरही कळले नाही, तर त्या माणसाच्या गावी जा आणि विचारा. ती माणसे ओट्यावर जागा करून देतात, हे मी स्वतः पाहिले आहे.