घड्याळ न हलवणारी माणसं

आमच्या ॲरिझोनात घड्याळाला कुणी हात लावत नाही. मार्च आला की बाकीचा देश काटे तासभर पुढे ढकलतो, आम्ही आपले जागच्या जागी. माझ्या वडिलांना, एल्डनना, याचा कोण अभिमान! "निघाले शहाणे सूर्याला शिकवायला," हे त्यांचं दरवर्षीचं ठरलेलं वाक्य.

यंदा बाबांचं एकच मागणं होतं. शेजारच्या यूटा राज्यातल्या पार्कात, कॅन्यनच्या तळाशी नदीकाठी, आईबरोबर ते तंबू ठोकायचे तिथे एक रात्र काढायची आणि पहाटेचं ऊन लाल कड्यावरून पाण्यापर्यंत उतरताना डोळ्यांनी बघायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, पुढच्या वर्षीचं काही खरं नाही. दिवसा जाऊन उपयोग नाही, बाहेरच्यांना फाटक उघडेपर्यंत ऊन खाली पोचलेलं असतं.

तिथलं अख्ख्या हंगामाचं बुकिंग एकाच सकाळी आठला उघडतं आणि बघता बघता संपतं. दरवर्षी फेब्रुवारीत असायचं, यंदा मार्चच्या मध्यावर नेलं, का ते देव जाणे. मी लॅपटॉप उघडून, कार्ड हाताशी घेऊन बसले. बाबांनी अंगणात तंबू पसरून, चाचपडत काठ्याही जोडल्या होत्या.

"लोरीन, वाजले का गं आठ?"

"वाजतील हो! जीव नका खाऊ."

"तुझी आई असती तर एव्हाना जागा घेऊन पॅनकेकसुद्धा टाकले असते तिने."

"मग बोलवा तिलाच."

आठ वाजले. बटण दाबलं. कॅलेंडरचे सगळे चौकोन राखाडी, भरलेले. मे गेला, सप्टेंबर गेला, ऑक्टोबरही गेला. मला वाटलं पान अडकलंय. शेवटी पार्कला फोन लावला.

"मॅडम, आठला उघडलं होतं," पलीकडची मुलगी म्हणाली. "आता नऊ वाजलेत."

"कुठले नऊ? माझ्या भिंतीवर..." आणि मग आठवलं. यूटाने रविवारीच काटे पुढे केले होते; फेब्रुवारीत दोघांची घड्याळं सारखीच असायची. त्यांना हसण्यात मीही होते.

"कुणी रद्द केलं तर मिळेल?"

"बघत राहा. पण तुमच्यासारखे हजारो जण टपलेले असतात."

"अहो, माझ्या वडिलांचे डोळे चाललेत."

"खरंच वाईट वाटतं, मॅडम." वाटतही असेल. तिच्या हातात काय होतं? माझ्या तरी काय होतं? ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं.

बाबा दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"सातला मी जागाच होतो," ते म्हणाले. "तुला हाक मारणार होतो. म्हटलं, झोपू दे पोरीला, वेळ आहे अजून."

मग ते भिंतीपाशी गेले, घड्याळ चाचपून खाली काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काटा फिरवला. तासभर मागे.

"घे, वाजले सात. दाब बघू आता."

आणि मी, पन्नाशीची बाई, खरंच दाबलं.

"काय गं?" बाबांनी विचारलं. "मिळाली?"