चिमटीने दाखवलेला आकडा

शहाद्याला बसस्टँडच्या मागे ठिबकच्या नळ्या विकणारं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर कामिनी पाटीलची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, ती स्वतः आणि तिचा चुलतभाऊ धीरज. बर्फातल्या चौक्यांवर पहारा देणाऱ्या जवानांच्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सांगणारी, हातमोज्याच्या आत बोटाला लावता येणारी एक चिमटी ते दोघं बनवत होते. छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी सरकारचा निधी मिळतो, त्यातून पहिला टप्पा पार पडला होता. दुसऱ्या टप्प्यात हीच चिमटी अंतराळवीरांच्या सरावातही वापरून पाहू, असं निधी देणाऱ्या समितीने म्हटलं. ते ऐकल्यापासून कामिनीचे वडील चुनीलालभाई केळीच्या बागेत येईल त्याला थांबवून सांगत होते.

समितीला प्रत्यक्ष वापराचे फोटो हवे होते. कामिनीला रविना आठवली. रविना वळवी तिची नंदुरबारच्या हॉस्टेलमधली मैत्रीण. आता ती धडगावच्या डोंगरात एका आरोग्य उपकेंद्रात नर्स होती आणि तिथलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र कधीचं बंद पडलं होतं. कामिनी स्वतः जीपने जाऊन तिला एक चिमटी देऊन आली.

"तपासून झालीय ना गं?" रविनाने विचारलं.

"झालीय. जवानांसाठी बनवलीय, तुझ्या पेशंटना काय कमी पडणार!"

तपासणी झाली होती, ती पुण्याच्या कॉलेजातल्या मुलामुलींवर. चिमटीतला उजेड कातडीतून आरपार जातो आणि कातडी काळी असली तर आकडा फसवू शकतो, हे कामिनीने वाचलं होतं. "ते दुसऱ्या टप्प्यात बघूत," असं धीरज म्हणाला होता आणि तिने मान डोलावली होती. उपकेंद्राच्या ओट्यावर एका म्हातारीच्या बोटाला चिमटी लावून तिने फोटो काढला आणि ती परतली.

पोळा होऊन गेल्यावर काळ्याभोर वर्णाचा धनसिंग पावरा ताप-खोकला घेऊन उपकेंद्रात आला. चालतच आला होता. चिमटीने पंच्याण्णव दाखवलं. रविनाने गोळ्या दिल्या, परवा पुन्हा ये म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला श्वास घेता येईना. पाड्यावरच्या लोकांनी त्याला झोळीत घालून खाली रस्त्यापर्यंत आणलं. ॲम्ब्युलन्स यायच्या आत तो गेला.

रविनाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "कामिनी, चूक माझी आहे. छाती नीट ऐकायला हवी होती. आकडा बरा दिसला म्हणून मी त्याला घरी पाठवलं. साहेबांनी चौकशी लावलीय. तोवर केंद्रात यायचं नाही म्हणाले."

"चिमटीचं सांगितलंस?"

"नाही. तुझं नाव कशाला मध्ये आणू?"

कामिनीला हायसं वाटलं. फोन ठेवल्यावर त्या हायसं वाटण्याचीच तिला किळस आली.

तिने शहाद्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना गळ घातली. त्यांच्या दवाखान्यात अत्यवस्थ रुग्णांच्या मनगटातून रक्त काढून ऑक्सिजन तपासत. रक्त काढतेवेळी नातेवाइकांना विचारून ती रुग्णाच्या बोटाला चिमटी लावू लागली. गोऱ्या, गव्हाळ कातडीवर आकडे जुळले. मग ऊसतोडीला आलेला एक काळा मजूर दाखल झाला. रक्ताने अठ्ठ्याऐंशी सांगितलं, चिमटीने चौऱ्याण्णव. आणखी एका काळ्यासावळ्या बाईचंही तसंच झालं.

धीरजने तिचं ऐकून हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, "आधी पुण्याले समितीसमोर जाई ये. दुसरा टप्पा हाती लागू दे, मंग दुरुस्त करूत. आते सांगशी तं सगळंच बंद पडी. मंग दुरुस्त तरी कोन करी?"

तो वाईट माणूस नव्हता. तो बोलत होता ते तिच्याच मनातलं होतं. ती पुण्याला गेली.

समितीसमोर पडद्यावर म्हातारीचा फोटो आला. मागे सातपुडा हिरवागार दिसत होता. एका बाईंनी विचारलं, "सगळ्या प्रकारच्या लोकांवर तपासलंय ना?"

"हो," कामिनी म्हणाली.

मंजुरी मिळाली. घरी आली तर चुनीलालभाईंनी पेढे आणून ठेवले होते. त्यांनी एक तिच्या तोंडाशी धरला. तिने तो तोंडात तसाच धरून ठेवला. "काय व्हयनं व बेटा?" त्यांनी विचारलं. "काही नाही बापू," म्हणून ती मोरीत गेली आणि तोंडातलं थुंकून नळ सोडून उभी राहिली.

सकाळच्या पहिल्या जीपने ती डोंगरात रविनाच्या खोलीवर गेली. रविना तिला पाहून हसली, चहा ठेवायला उठली. कामिनीने तिचा हात धरला. "धनसिंगच्या बायकोकडे घेऊन चल मला."

पाड्याच्या चढावर तिने सगळं सांगितलं. रविना वाटेतच थांबली. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही."

"तुला कधी कळलं हे?"

"पुण्याला जायच्या आधी."

रविना पुढे चालू लागली आणि घर येईपर्यंत एकदाही मागे वळली नाही.

फुलवंताबाई, धनसिंगची बायको, अंगणात मक्याची कणसं सोलत होती. रविनाने तिच्याशी पावरी बोलीत बोलणं काढलं. कामिनीने मराठीतच सांगितलं, "ते मशीन मी बनवलंय. ते खोटं बोललं. भाऊंचा श्वास कमी होता, मशीनने बरा दाखवला."

रविनाने भाषांतरासाठी तोंड उघडलं, पण फुलवंताबाईने तिला हाताने थांबवलं. ऊसतोडीला दरसाल खाली जाऊन तिला मराठी येत होती.

"तो म्हणत होता छाती दाबली जातेय," ती म्हणाली. "मी रागवली त्याला. मशीन म्हणतं तू बरा आहेस, कामाला जायचं नाही म्हणून सोंग करतो का, असं बोलली. पाठ करून झोपली." तिने हातातलं कणीस खाली ठेवलं. "सोंग नव्हतं मग."

"नव्हतं," कामिनी म्हणाली. "तुमचा दोष नाही."

"ते तू नको सांगू," फुलवंताबाई म्हणाली. ती उठून घरात गेली आणि तिने दार ओढून घेतलं. दोघी अंगणात उभ्या राहिल्या. ती पुन्हा बाहेर आली नाही.

त्याच दिवशी कामिनी चौकशी अधिकाऱ्यांपुढे गेली आणि चिमटी कुठून आली, काय चुकलं, सगळं बोलली. पुण्याला फोन करून आपण खोटं उत्तर दिल्याचं सांगितलं. फोन प्रश्न विचारणाऱ्या त्याच बाईंनी घेतला होता. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही त्या खोलीत सांगितलं असतं, तर आम्ही तुम्हाला मदत केली असती." दुसरा टप्पा थांबला. धीरजने नाशकात नोकरी धरली. जाताना त्याने स्वतःच्या हाताने सगळी यंत्रं झाकून ठेवली, पण तिच्याशी तो बोलला नाही. चुनीलालभाईंनी केळीच्या बागेत विषय काढणं सोडलं.

रविना कामावर परतली. कामिनीने परवानगी काढून नव्याने तपासणी सुरू केली, या वेळी आधी काळ्या आणि सावळ्या कातडीवर. त्यासाठी राजीखुशीने येणारी माणसं हवी होती. त्यांना फक्त रविनाच समजावून पाठवू शकत होती, आणि ती पाठवतही होती. पूर्वी ती फोनवर "ए कामे" म्हणून सुरुवात करायची.

"मॅडम," परवा ती म्हणाली, "उद्या तिघं येतील तुमच्याकडे. त्यांना आधी सगळं समजावून सांगा. काय काय चुकू शकतं तेपण."

"सांगेन," कामिनी म्हणाली. पुढे आणखी काही बोलावं म्हणून तिने श्वास घेतला, तोवर फोन बंद झाला होता.