उसना गाळ

जावयाला स्वच्छतेचं वेड होतं. थोरल्या बाईंच्या मते तेवढं सोडलं तर माणूस वाईट नव्हता, पण तेवढं पुरेसं होतं. चहाचा कप तो स्वतः पुन्हा विसळून घेई. खुर्ची पुसल्याशिवाय टेकत नसे. लेकीचा संसार, आपण कशाला तोंड घाला, म्हणून बाईंनी काणाडोळा केला. आणि आता तपासणीचा साहेब येणार म्हणून या शहाण्याने सूत रंगवायच्या कारखान्यामागचा सांडपाण्याचा हौद उपसला, तळचा काळा गाळ टँकरने बाहेर धाडला आणि भिंती ब्रशने घासून घेतल्या.

लेक सूतखरेदीहून परतली ती हौदाच्या कठड्यावरच बसली.

"आई, त्या गाळात जंतू होते. रंगातली नायट्रोजनची उग्र रसायनं खाऊन पाणी साफ करणारे. वर्ष घातलं मी त्यांना ती सवय लावायला."

"मग दुसरे आण."

"साध्या गटारातले जंतू याला तोंड लावणार नाहीत."

साहेब आला. हौद चकचकीत, आणि पाण्याला सडक्या मासळीचा वास. त्याने बाटली भरून घेतली आणि सांगितलं, पंधरवड्यात पाणी सुधारलं नाही तर कारखान्याला कुलूप.

"पण साहेब, हौद तर बघा," जावई म्हणाला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

याच रसायनांवर पोसलेला गाळ एकाच ठिकाणी होता, धाकट्या जावेच्या कारखान्यात. वाटण्या झाल्यापासून बाई तिचा उंबरा चढल्या नव्हत्या. दुपारभर त्या चडफडल्या, भांड्यांवर राग काढला, शेवटी चपला घातल्या.

जाऊ नमुन्याचे धागे लावत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"काय हवं, ताई?"

"गाळ," बाई कशाबशा म्हणाल्या. "एक टँकर."

"आमच्या हौदातली घाण?"

"हो. तीच."

"का? तुमची कुठे गेली?"

"जावयाने घासली."

जाऊ इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "न्या हो. फक्त त्यांना धाडू नका. आमच्या गाळाला साबण लावतील."

गाळ आला. लेकीने हवेचा पंप सुरू केला आणि आजाऱ्याला पेज पाजावी तसं थोडं थोडं सांडपाणी सोडत राहिली. हळूहळू वास ओसरला. साहेबाच्या दुसऱ्या बाटलीत खोट निघाली नाही.

त्याच संध्याकाळी जावई नाकाला रुमाल लावून, हातात जाळी घेऊन हौदाशी उभा.

"आई, वरचा फेस तेवढा काढतो. बरं दिसत नाही."

बाईंनी जाळी हातातून काढून घेतली.

"जावईबापू, तुमच्या टापटिपीपायी मी जावेच्या दारात हात पसरला. घर पुसा, अंगण पुसा, वाटलं तर मला पुसा. हौद माझ्या लेकीचा. पुन्हा इथे दिसलात, तर मानपान गुंडाळून ठेवीन आणि तुम्हालाच आत उतरवीन. वर काढायची मला घाई नसेल."