जीवन विलगीकरणात

दीड महिना जीवनची एक ओळ नव्हती. चौलचा नामा सुपारीच्या वाडीला पाणी लावून झालं की पोराने घेऊन दिलेल्या कॉम्प्युटरसमोर बसायचा. पोरगा जीवन तेलाच्या जहाजावर. भर समुद्रात फोन लागत नाही, मेलच येते. आणि मेल उतरवायला गेलं की पडद्यावरची पुढे सरकणारी पट्टी अर्ध्यावर अडायची. मग बसा वाट बघत, दुसरं काय?

त्या सकाळी मात्र कोपऱ्यात लाल चौकट उघडली. नामाने चष्मा पुसून वाचलं: 'जीवन. धोकादायक. विलगीकरणात ठेवले.'

करोनात तो स्वतः चौदा दिवस शाळेच्या खोलीत कोंडून होता, जीवन दाराशी डबा ठेवून लांब उभा राहायचा. आता परक्या मुलखात पोराला डबा कोण देणार? आणि धोकादायक काय, आजार की पोरगाच? कॉम्प्युटरला तरी हे कुणी कळवलं? नामाला काही म्हणता काही उमगेना. त्याने भावाच्या मुलीला, राहीला, हाक मारली.

राहीने चौकट वाचली आणि तिला हसूच आलं. "काका, माणसाला न्हाय, फाइलला कोंडलंय. दादाने फोटोंच्या फाइलला स्वतःचं नाव दिलंय. अँटीव्हायरसला तिचा संशय आला."

"मग पोरगा बरा हाय ना?"

"मेल उतरल्याशिवाय कसं सांगू? हा अँटीव्हायरसच एकेक मेल धरून तपासत बसतो."

तिने अँटीव्हायरसमधली मेल तपासणी बंद केली. पट्टी सरसर पुढे गेली. नऊ मेल उतरल्या, सगळ्या जीवनच्या. राही वाचत गेली. आधी जेवण, बंदरं, पाठदुखी. मग, 'बाबा, मी जहाजावर गेलो म्हणून अजून रागात आहात का?' शेवटची आठ दिवसांपूर्वीची: 'तुम्ही बोलणं टाकलंत. आता मीही लिहीत नाही.'

नामा गोंधळला. पोरगा सुखरूप होता, पण हे काय भलतंच? आधी त्याने लिहावं म्हणून आपण इथे अडून बसलो. मग बोलणं टाकलं कुणी?

"लिही," तो म्हणाला. "बाबा रागावला न्हाय, असं लिही."

राहीने लिहिलं. नामाने दोनदा वाचून घेतलं आणि मेल पाठवायला लावली.

"तिकडं त्याच्या कॉम्प्युटरातबी असलाच कुणी मेल अडवून बसला असंल तर?" त्याने विचारलं.