दीड मीटर अलीकडे

माझ्या बाबांनी आयुष्यात एकच काम अर्धवट सोडलं, आणि ते मी त्यांना कधी विसरू दिलं नाही.

ते काम म्हणजे एक चर. छत्तीस वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या माळावर, सोळा मजूर लावून खणलेला. त्या माळावर जमिनीला कमरेएवढी एक पायरी आहे, चांगली तीन किलोमीटर लांब. गुरं तिच्यावरून चढतात, उतरतात, कुणाला काही वाटत नाही. बाबांना वाटलं. त्यांचं म्हणणं, ही पायरी पाण्याने कोरलेली नाही, भूकंपाने झालेली आहे. खाली भ्रंश आहे, म्हणजे जमिनीतली अशी फट की जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात, आणि ती अजून जिवंत आहे. पण आमचा मुलूख भूपट्टाच्या ऐन मध्यात. सरकासरकी व्हायची ती पट्टांच्या कडांना, मध्यात जमीन गाढ झोपलेली असते, असं तेव्हा भलेभले मानायचे. बाबांच्या चरात फट काही सापडली नाही. भूकंपाच्या धोक्याचा नकाशा ठरवणाऱ्या समितीने त्यावरची त्यांची रेघ खोडली, आणि ते नोकरीला होते त्या भूगर्भशास्त्राच्या संस्थेत त्यांना ‘फटवाले सर’ हे नाव पडलं ते निवृत्तीपर्यंत चिकटून राहिलं.

मीही पुढे याच धंद्यात पडले. प्रबंधात मी ठणकावून लिहिलं होतं, ‘पूर्वीचे उत्खनन कोणत्याही शास्त्रीय कारणाशिवाय अपुरे सोडण्यात आले.’ बाबांनी तो प्रबंध शब्द न शब्द तपासला. त्या वाक्याशी आले, ‘अपुरे’चा उकार नीट केला आणि पान उलटलं.

या वर्षी परत चर खणायची परवानगी मिळाली. पायरीच्या दोन्ही अंगांना आम्ही सिमेंटचे खांब रोवले होते आणि उपग्रहाच्या मदतीने त्यांच्यातलं अंतर मोजत होतो. बारा वर्षांत ते सहा मिलिमीटरने कमी झालं. एवढ्याशा आकड्यावर समिती रेघ ओढणार नव्हती. त्यांनी सांगितलं, चार दिवस खणा, फट दाखवा, रेघ परत येईल, नाहीतर फाइल बंद. पुढची समिती बसणार दहा वर्षांनी. बाबा आज अठ्ठ्याहत्तरचे आहेत. हिशेब कुणी मोठ्याने केला नाही.

पहिल्या दिवशी जुना चर कुठे होता ते शोधायचं होतं, कारण एकदा उकरलेल्या मातीत परत खणण्यात अर्थ नसतो. बाबांची जुनी वही काढली. ‘मोठ्या खडकापासून पायरीच्या कडेने पन्नास पावलं.’ झालं, एवढंच.

“बाबा, जगात मोजपट्टी नावाची वस्तू असते,” मी म्हटलं.

“माझं पाऊल मोजपट्टीपेक्षा पक्कं आहे, ठमे,” ते म्हणाले, आणि काठी टेकत मोजून पन्नास पावलं चालले. तिथे मी खुंटी ठोकली. तिच्यापुढे पंधरा मीटर सोडून, म्हणजे अगदी निर्धास्त अंतरावर, नवा चर आखला आणि पोकलेनला वरच्या बाजूने खाली खणायला लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चरात उतरले, खालच्या टोकापासून भिंत थापीने खरवडायला लागले आणि किंचाळलेच. वरून नवव्या मीटरवर मातीचे थर एका रेषेत, सुरीने कापल्यासारखे तुटलेले. वरच्या बाजूला वाळू, चिकणमाती, गोटे असे शहाण्यासारखे एकावर एक. खालच्या बाजूला सगळा काला.

“बाबा! सापडली!”

बाबा चराच्या काठावर छत्री धरून घडीच्या खुर्चीत बसले होते. ते उठले, परत बसले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मी फोटो काढला आणि एका दमात समितीच्या साहेबांना पाठवूनही दिला. माझा हा असला उतावळा स्वभाव आईवर गेलाय, असं बाबा म्हणतात. आई म्हणते बाबांवर.

पोकलेनवाले दादा चहाचा पेला घेऊन काठावर आले आणि वाकून बघत राहिले.

“ताई, ही तर भरावाची माती.”

“दादा, हा भ्रंश आहे.”

“असेल हो. पण मी वीस वर्षं भरावच टाकतोय. बादलीतून पडलेली माती अशीच बसते.”

माझा पारा चढला. मी त्यांना जरा शहाणपणा शिकवला, काय बोलले ते आता सांगवत नाही. मी रागारागाने काल्यात थापी घातली, तर खण्ण वाजलं. एक गंजका खिळा निघाला. त्याला निळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा, आणि दोरीला गाठीवर गाठीवर गाठ.

चराच्या भिंतीवर आम्ही खिळे ठोकून दोऱ्यांची जाळी बांधतो आणि चौकोना-चौकोनाने भिंत कागदावर उतरवतो. दोरीला तीन गाठी मारणारा माणूस मी जगात एकच पाहिलाय. तो वर छत्री धरून बसला होता.

मी खिळा वर केला. बाबांनी तो हातात घेतला, फिरवून बघितला, मग खडकाकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे. आणि हसायला लागले. बेचाळिसाव्या वर्षी नव्वद सेंटिमीटरची ढांग टाकणारे बाबा परवा चालले होते साठ-साठ सेंटिमीटरची पावलं. पन्नास पावलांत पंधरा मीटर कमी पडले, तेवढेच मी पुढे सोडले, आणि नेमकी त्यांच्याच चरात जाऊन धडकले. ते खालून वर खणत आले होते, मी वरून खाली. नवव्या मीटरवर आमची गाठ पडली.

मला हसावं की रडावं कळेना. साहेबांना फोन करून फोटो मागे घेतला, नको ते ऐकून घेतलं. दादांची माफी मागितली. ते म्हणाले, “जाऊ दे ताई, भराव छान दाबलेला होता, कुणीही फसलं असतं.” मग मी चरात उकिडवी बसून राहिले. मला बाबांकडे बघवत नव्हतं.

“ठमे,” वरून आवाज आला. “माझ्या चराचं काय घेऊन बसलीस? वरच्या अंगाचा तुझा चर आहे ना? मागे सरक आणि भिंत साफ कर.”

“वरवर तरी काहीच दिसत नाहीये, बाबा.”

“पोकलेनच्या बादलीने सारवलेल्या भिंतीत काय दिसणार, कपाळ? साफ कर म्हणतो ना.”

मी मागे सरकत साफ करत गेले. एक मीटर, काही नाही. सव्वा मीटर, काही नाही. दीड मीटरवर गोट्यांचा थर चालता चालता थांबला. थापी वर नेली. चाळीस सेंटिमीटर वर तोच थर परत सुरू झाला. मध्ये बोटभर रुंदीची तिरकी, करडी रेघ, आणि तिच्या पायथ्याशी ढासळून बसलेल्या मातीत कोळशाचा एक तुकडा. त्याचं वय काढलं की भूकंपाचा काळ साधारण कळतो. या वेळी मी ओरडले नाही. आधी दादांना खाली बोलावलं.

दादांनी माती चिमटीत चोळली. “हा भराव नाही, ताई.”

बाबांना आम्ही दोघांनी धरून खाली उतरवलं. त्यांनी त्या रेघेवर तळहात ठेवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. माझे डोळे भरून आले, आणि भरून आले की मी भांडते, ही माझी जुनी खोड.

“दीड मीटर, बाबा! आणखी एक दिवस खणलं असतं तर छत्तीस वर्षं लोकांचं ऐकून घ्यावं लागलं नसतं. का थांबलात तुम्ही?”

“मजुरांची पंचाईत झाली होती बहुतेक,” बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. “आठवत नाही आता.”

“आठवत नाही काय, अहो?” आई डबा घेऊन कधी येऊन उभी राहिली होती, आम्हाला पत्ताच नव्हता. “मजूर सगळे होते. मीच निरोप पाठवला होता. हिला न्यूमोनिया झाला, चार वर्षांची होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. चिखलाच्या बुटांनी थेट दवाखान्यात शिरले हे, आणि आठ दिवस खाटेजवळून हलले नाहीत. तोवर माळाच्या मालकाने चर बुजवून टाकला.”

“मग सांगितलं का नाही मला?” मी म्हटलं. “मी प्रबंधात काय काय लिहिलं तुमच्याबद्दल!”

“चूक काय लिहिलंस? शास्त्रीय कारण नव्हतंच,” बाबा म्हणाले. “आणि फट कुठे पळून जाणार होती, बाळ? ती हजारो वर्षं बसलेली होती.”

संध्याकाळी भिंतीचं चित्र पुरं झालं. खालच्या कोपऱ्यात जुन्या चराची नोंद करायची असते. मी लिहिलं, ‘येथवर पूर्वीचे उत्खनन. थांबवण्याचे कारण: मुलीला ताप.’

बाबांनी कागद डोळ्यांशी नेला. आता खोडायला लावणार, म्हणून मी भांडणाच्या तयारीत उभी राहिले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली.

“आकडा नाही, तर नोंद कसली?” म्हणाले, आणि ‘ताप’च्या पुढे, आठवायला क्षणभरही न थांबता, लिहिलं: एकशे चार.