हौदाचं पाणी

चिंचवडच्या शिवेवर दौलतरावांचा बंगला झाला, तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. पण बंगल्यामागे त्यांनी पोहायचा हौद बांधला आणि गावाला दोन वर्षं पुरेल एवढा विषय मिळाला. नदी हाकेच्या अंतरावर, विहीर अंगणात, आणि हा नटबोल्टचा कारखानदार वर आणखी तिसरं पाणी करून बसला. बरं, पोहावं तरी! दौलतराव रोज सकाळी काठावर खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसत आणि चहा झाला की कारखान्यात जात.

हौद सांभाळायचं काम कोंडाजीकडे होतं. जमीन त्याचीच होती. विहिरीसकट तीन एकर दौलतरावांना विकून त्याने शेजारचा अर्धा एकर स्वतःला ठेवला होता. ठराव साधा होता. कोंडाजीने मोट चालवून हौद भरायचा, घासायचा. आणि पाणी खराब झालं की बूच काढून सोडायचं, ते पाटाने त्याच्या रानात जायचं.

ऐकायला सोपं, पण हा हौद म्हणजे हत्ती पोसण्याचा प्रकार होता. भरायला बैलजोडी चार दिवस राबायची. आठवडा जातो न जातो तोच पाणी हिरवट दिसायचं, पंधराव्या दिवशी तळाला शेवाळ धरायचं. मग ते सोडायचं, काथ्या आणि विटकरीने भिंती घासायच्या, चुना मारायचा. उन्हाने गिलावा फुटायचा, त्याला पुण्याहून गवंडी यायचा. मोटेचं कातडं वर्षात दोनदा बदलावं लागलं. दौलतरावांच्या पत्नी दुर्गाबाई त्यांना म्हणत, एवढ्यात आणखी एक मुलगी उजवली असती. दौलतराव हसत आणि गवंड्याला पुन्हा बोलावत.

कोंडाजीला आधी हसू येई. पुढे पुढे मात्र मनातून राग येऊ लागला. त्याच्या विहिरीचं पाणी, त्याचे बैल मान मोडून ते वर काढणार, आणि ते कशासाठी, तर बघत बसण्यासाठी. म्हणून अठ्ठावन्न सालच्या फाल्गुनात त्याने जे केलं, ते करताना त्याला काही वाटलं नाही. बियाण्याच्या कांद्याचे गोंडे दाणा धरत होते आणि रानाला भेगा पडल्या होत्या. हौद भरून चारच दिवस झाले होते, पाणी नितळ होतं. रविवारी संध्याकाळी त्याने बूच काढलं. कुणी विचारलंच तर किडे झाले म्हणून सांगायचं, असं त्याने ठरवून ठेवलं होतं. कांदा पोटभर प्यायला आणि कोंडाजी निवांत झोपला.

सोमवारी तो हौद घासायला आला, तेव्हा दौलतराव काठावर उभे होते. अंगाला तेल, कमरेला पंचा. पन्नाशीचा तो गोरा, सुटलेला देह उघडा बघून कोंडाजीला कसंसंच झालं. दौलतराव रिकाम्या तळाकडे बघत होते.

किडे झाले होते का, त्यांनी विचारलं. कोंडाजी व्हय म्हणाला. मग दौलतरावांनी आता बैल जुंपता येतील का, असं विचारलं आणि आपणच मान हलवली. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच आपण सोमवार निवडला होता, ते म्हणाले. मोट बंद, आजूबाजूला कुणी नाही. लेक शकू उद्या बडोद्याहून येणार होती, चार वर्षांच्या नातीला घेऊन, महिनाभरासाठी. ती पोर पाण्याजवळ खेळणार. त्याआधी एकदा तरी आपण पाण्यात उतरायचं, एवढंच त्यांना करायचं होतं.

खोटं बोलून सुटता आलं असतं, पण त्या पंच्याकडे बघून कोंडाजीला ते जमेना.

"साहेब, किडं झालं नव्हतं. पानी चांगलं व्हतं. कांद्यासाठी सोडलं मी."

दौलतराव रागावले नाहीत. काठावर बसले, पाय रिकाम्या हौदात सोडले, आणि आजवर बायकोलाही न सांगितलेलं बोलू लागले. गावाकडे त्यांच्या थोरल्या भावाला विहिरीत पोहायची खोड होती. मोटेचा नाडा धरून तो खाली उतरे, धाकट्याने वरून टोक धरायचं. एक दिवस भावाच्या पायात गोळा आला.

"दादानं नाडा ओढ म्हणून हाक मारली. मी टोक सोडून पळालो, कोंडाजी."

दोन वर्षं हा माणूस खुर्चीत बसून काय बघत होता, ते कोंडाजीला आता समजलं, आणि आपल्या रागाची त्याला फार लाज वाटली. तो मोटेचा नाडा सोडवून घेऊन आला आणि दौलतरावांना विहिरीकडे चला म्हणाला. दौलतरावांचे पाय थारोळ्यापाशी, मोट रिती होते तिथेच, थांबले. आपल्याला पोहता येत नाही, ते म्हणाले.

"पवायचं न्हाईच. पोरगी पान्यात पडली तर तुमाला वढता आलं म्हंजी झालं." कोंडाजीने नाडा स्वतःच्या कमरेला बांधला आणि टोक दौलतरावांच्या हातात दिलं.

त्याने उडी मारली. या विहिरीत त्याने निम्म्या गावाला पोहायला शिकवलं होतं; पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधून कितीतरी पोरं इथे तरंगली होती. इथे न पोहणं त्याला कधी ठाऊकच नव्हतं. वर काठावर तो गोरा देह टोक धरून नुसता उभा होता. नाडा ढिला होता, पाण्यावर वेटोळं करून पडलेला.

"वढा, साहेब," कोंडाजी म्हणाला.

नाडा हलला नाही. पोहून कडेला जायला चार हात पुरले असते. कोंडाजीने डोळे मिटले, हातपाय सैल सोडले आणि अंग पाण्याच्या स्वाधीन केलं. पाणी नाकावरून गेलं, मग डोक्यावरून. छाती फुटायला आली तरी त्याने हात मारला नाही.

मग कमरेला हिसका बसला आणि नाडा ताठ झाला.